पायाळू

मी पायाळू. जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आले. आईच्या ते जिवावर बेतलं होतं. आमच्या मावळातल्या गावाची मात्र त्यात सोय झाली. कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हा तिकडचा जुना इलाज.

आषाढात आवणी सुरू झाली की माझ्याकडे रांग लागे. दिवसभर चिखलात ओणव्यानं भाताची रोपं लावलेल्या बाया संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन पालथ्या पडत. सात-आठ वर्षांची मी आजीचा हात धरून एका पायावर उभी. "हितं न्हाई गं बाय, वाईच खाली." जागा सापडली की डावा पाय तीनदा टेकवायचा. मोठ्या माणसाला पाय लागला तर नमस्कार करायचा, ही आजीचीच शिकवण. म्हणून इलाज आटोपला की मी प्रत्येकीच्या पाया पडे. त्या उठून बसत आणि मला हात जोडत. मला वाटे, केवढा हा मान!

मानाची किंमतही होती. पायाळूवर वीज पडते म्हणतात, त्यामुळे वळवाच्या पावसात सगळी पोरं अंगणात नाचायची आणि मी माजघरात.

आजीचे नियम दोनच. पाय लावून झाल्यावर निजायचं नाही, घरी चालत जायचं. आणि एकदा पाय बधिर झालेली, लघवी अडलेली एक बाई आली, तेव्हा आजीनं मला पुढे होऊच दिलं नाही. "हे पोरीच्या पायाचं काम न्हवं," म्हणत तिला तडक तळेगावला दवाखान्यात धाडलं.

पुढे पुण्यात बँकेत नोकरी लागली आणि मी तेवीस वर्षं खुर्चीत बसले. पंचेचाळिशीत एका सकाळी पाण्याची बादली उचलायला वाकले, ती तशीच राहिले. कंबरेतून कळ निघाली आणि तोंडातून "आई गं". भिंतीला धरून उभी असताना मनात आलं ते एवढंच, की साऱ्या गावाची उसण काढणारा हा पाय माझ्या पाठीपर्यंत पोचत नाही.

मग गोळ्या, शेक, पट्टा आणि आठवडाभर अंथरूण. एमआरआयमध्ये मणक्याची गादी फुगलेली निघाली. त्या शब्दानंच मी निम्मी खचले. फिजिओथेरपिस्ट मुलगी मात्र शांत होती. १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्के लोकांची एक तरी गादी फुगलेली होती, म्हणाली. त्याआधी १९८६ साली काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहायला सांगून पाहिलं होतं. बरं होण्यात फरक पडला नाही. दोन दिवसवाल्यांचे कामावरचे खाडे तेवढे कमी झाले. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत आपोआपच ओसरतात.

म्हणजे माझ्या पायाचं श्रेय गेलंच! आजीचं "घरी चालत जा" तेवढं उरलं.

त्या मुलीनं मला पालथं झोपवलं, अंगठ्यानं कंबर चाचपली. "इथे?"

"नाही गं, जरा खाली."

बोलले आणि ओसरीवरचा तो आवाज ओळखीचा वाटला. आपलं दुखणं नेमकं कुठे आहे, हे कुणी विचारत विचारत शोधावं, याची त्या बायांना किती गरज असेल, ते मला आत्ता कळत होतं. डावा पाय ही नंतरची गोष्ट. सुख बहुधा त्या "वाईच खाली"मध्येच होतं.

"आता रिक्षा करू नका," ती म्हणाली.

खाटेवरून उतरताना माझा पाय तिला लागला. सवयीनं नमस्काराला वाकायला गेले. कंबरेनं साफ नकार दिला. मग नुसतेच हात जोडले.

जोडलेल्या हातांनी तशीच क्षणभर थांबले. ओसरीवरच्या त्या बायाही मला हातच का जोडत, वाकत का नसत, ते उमगायला अडतीस वर्षं लागली.