ताळेबंदाच्या तारखेपुरती साखर

बँकेच्या नोकरीत मार्चअखेरचे दिवस पुष्कळ पाहिले. ३१ मार्चला ठेवींचा आकडा भरघोस दिसावा म्हणून शेवटच्या आठवड्यात जी धावपळ चाले, तिला आम्ही आपसात रंगरंगोटी म्हणत असू. अनुभवी तपासनीस मात्र त्या एका दिवसावर विसंबत नसे; तो सरासरी शिल्लक मागे. आपल्या व्यापारी कुटुंबांतील रक्ततपासणीही बहुधा या रंगरंगोटीच्याच रीतीने होते, असे माझे निरीक्षण आहे.

माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, शाहू मार्केट यार्डात गुळाचे व्यापारी. वय ७१. दिवाळीनंतर दरवर्षी ते रक्त तपासून घेतात. त्याआधी आठ दिवस गोड बंद, तळलेले बंद आणि पहाटे रंकाळ्याची फेरी. उपाशीपोटीची साखर 'वयाच्या मानाने बरी' निघाली की नवव्या दिवशी सारे पूर्ववत. गेल्या डिसेंबरात नोंदणीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी यादीत 'तीन महिन्यांची साखर', म्हणजे एचबीए१सी, आवर्जून घातली. तांबड्या पेशींना चिकटलेल्या साखरेवरून ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिला उपवास लागत नाही आणि आठ दिवसांच्या पथ्याने ती फारशी हलतही नाही. अंगात रक्त कमी असेल तर मात्र हा आकडा फसवू शकतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिन पाहावे.

प्रयोगशाळा निवडताना एनएबीएलची मान्यता आहे का, एवढे विचारले. सत्तर-ऐंशी तपासण्यांच्या 'पॅकेज'ला नम्रपणे नकार दिला. एकाच रक्तगणनेतील प्रत्येक आकडा स्वतंत्र तपासणी म्हणून मोजायचा, हा हिशेब एका खात्याच्या वीस नोंदींना वीस खाती म्हणण्यासारखा आहे. शाकाहारी घर असल्याने बी-१२ मात्र घेतले. ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही, आपला आधार काय तो दूधदुभत्याचा.

खरा प्रश्न वेळेचा होता. फोनवरील मुलीने सकाळी साडेनऊची वेळ दिली आणि 'बारा तास उपाशी राहा' असे सांगितले. रात्री नऊला जेवणाऱ्यांसाठी ते ठीक. अण्णांचा चौविहार, डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्यास्त, त्याआधी ताट उचललेले. साडेनऊपर्यंत साडेपंधरा तास होतात. साखरेला किमान आठ तास आणि चरबीच्या तपासणीला साधारण दहा-बारा तास पुरतात. उपास फार लांबला तर आकडे नेहमीच्या स्थितीचे राहत नाहीत. युरिक ॲसिड वाढलेले दिसू शकते. पर्युषणातील उपवासांच्या पारण्यालगत तपासणी करू नये, तेही याच कारणाने.

मग सकाळी सातचीच वेळ का घेऊ नये? तर पाण्यासाठी. तपासणीपूर्वी साधे पाणी चालते, किंबहुना प्यावेच. आदल्या संध्याकाळपासून पाणी नसेल तर वृद्ध माणसाची शीर सापडणे कठीण जाते. डिसेंबरात सूर्योदय सातच्या सुमारास, नवकारशी त्यानंतर ४८ मिनिटांनी. म्हणून आठची वेळ मागून घेतली. नियमही राहिला, उकळून गार केलेले दोन पेले पाणीही पोटात गेले. थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची, हे वहिनींना सांगून ठेवले. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र एवढे तास उपाशी राहण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

रक्त घ्यायला आलेल्या मुलाला मी विचारले, "येथून प्रयोगशाळेत कधी पोहोचणार?" अण्णा हसले, "अजून रोकड मोजतोस काय रे?" परंतु प्रश्न अगदीच वायफळ नव्हता. नळीतल्या जिवंत पेशी साखर खातच राहतात. साध्या नळीत ती ताशी ५ ते ७ टक्क्यांनी घटू शकते. ती घट रोखण्यासाठी साखरेच्या करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड असते. मुलाने ती नळी दाखवली. दुसरे रक्त जेवणानंतर दोन तासांनी द्यायचे होते. ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हेही त्यानेच नीट समजावले.

अहवालात उपाशीपोटीची साखर ११२ होती. अण्णांनी तो आकडा वाचून चष्मा काढला, तेव्हा मी खालची ओळ दाखवली : ७.६. साडेसहापासून मधुमेह समजतात.

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे दरवर्षीचं चांगलं निघणं आठ दिवसांचंच होतं तर."

डॉक्टरांनी गोळी सुरू केली, डोळे आणि मूत्रपिंडाची तपासणीही सांगितली. गुळाला साखरेहून वेगळी सवलत नाही, हे त्यांनी अण्णांना दोनदा बजावले. सौद्यात गूळ चाखणे हा तर त्यांच्या धंद्याचाच भाग. आता सौद्यात गूळ पुतण्या चाखतो. अण्णा शेजारी उभे राहून रव्याचा रंग आणि कणी पाहतात आणि भाव सांगतात.