झाडांची ओळख

सप्टेंबरमध्ये ब्रिस्बेनच्या उपनगरांतून संध्याकाळी चालत निघालं की कुंपणाकुंपणाशी ब्रनफेल्सिया बहरलेला दिसतो. फूल उमलतं ते गर्द जांभळं, मग फिकट निळसर होतं आणि गळण्याआधी पांढरं पडतं. एकाच फांदीवर तिन्ही वयं नांदतात. ब्राझीलकडून आलेलं हे झुडूप मला मनापासून आवडतं. पण बहर सरला की त्याला फळं धरतात. ती चघळलेल्या कुत्र्याचं अंग थरथरू लागतं, पाय ताठरतात, आकड्या येतात. वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो.

कुत्र्याला जग तोंडानं कळतं. दिसेल ते आधी हुंगायचं, मग चावून पाहायचं. इथली घरं सकाळी रिकामी होतात आणि कुंपणाआड कुत्र्याचं पिल्लू एकटं उरतं. कंटाळलं की माती उकरतं, बिया फोडतं. ते अंगण त्यानं निवडलेलं नसतं. तिथं काय लावायचं हे आपण ठरवलेलं असतं.

आणि आपण काय लावतो? देवाला फुलं हवीत म्हणून कण्हेर, महादेवासाठी पिवळी बिट्टी. गावाकडची आठवण असतात ती झाडं. पण दोन्हींच्या पानापानांत, बियांत हृदयाची लय बिघडवणारं विष असतं. गावाकडे हे आजीला ठाऊक होतं, आणि गुरंही कण्हेरीला सहसा तोंड लावत नव्हती. परदेशात झाड येतं, त्याच्याभोवतीचं शहाणपण मात्र मागे राहतं.

घरापुढे शोभेला लावलेल्या सागो पामचंही तसंच. तो खरा पाम नव्हे, सायकड. त्याच्या बिया सर्वांत घातक. आधी उलट्या होतात, नंतर यकृत निकामी होऊ लागतं. याच जातकुळीची झाडं क्वीन्सलँडच्या रानात मूळचीच आहेत. तिथले आदिवासी त्यांच्या बिया पाण्यात मुरवून, विष काढून शतकानुशतकं खात आले. 1770 मध्ये कॅप्टन कुकच्या एन्डेव्हर जहाजावरच्या लोकांनी त्या तशाच खाल्ल्या आणि ते आजारी पडले. जहाजावरची डुकरं तर मेली. बी तेच होतं, फरक ज्ञानाचा होता. याच भूमीतला मॅकाडेमिया आपण चवीनं खातो, पण कुत्र्यानं खाल्ला तर त्याचे मागचे पाय लुळे पडतात. तो बहुधा दोनेक दिवसांत सावरतो, एवढाच दिलासा.

म्हणून बाग उजाड करावी असं मी म्हणणार नाही. झाडाचा काही अपराध नाही. विष हे त्याचं संरक्षण आहे. पण पिल्लू घरी आणण्याआधी अंगणातल्या प्रत्येक झाडाची ओळख करून घ्या. सायकड काढून टाका, ब्रनफेल्सियाची फळं धरताक्षणी खुडा, कण्हेरीची छाटलेली फांदी जमिनीवर ठेवू नका. कुत्र्यानं काही खाल्ल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट पाहू नका आणि मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. त्या झाडाची डहाळी सोबत घ्या आणि थेट पशुवैद्याकडे जा. विषारी काय आणि निर्धोक काय, हे कुत्र्याला कळत नाही. त्याच्या वतीनं ते आपणच शिकायला हवं.