सगळ्यात आधी उठणाऱ्याला लेटमार्क

उडप्याकडे रोज जाणारा माणूस मेन्यू वाचत नाही. 'नेहमीचं' म्हणतो आणि समोर इडली-वडा, सांबार वेगळं, मागून फिल्टर कॉफी. आता समजा, वेटर नवा आहे. तो विचारणार, 'नेहमीचं म्हणजे?' मग सगळी ऑर्डर पहिल्यापासून सांगा! मोबाईल अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यातही अगदी असाच व्यवहार चालतो. त्याचं नाव पर्सिस्टेड क्वेरी.

फेसबुकने २०१२ मध्ये ग्राफक्यूएल तयार केलं आणि २०१५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. त्यात अ‍ॅपला काय काय हवंय ते सविस्तर लिहून पाठवावं लागतं. हा मजकूर कधीकधी पानभर होतो. म्हणून अ‍ॅप त्याऐवजी ६४ अक्षर-आकड्यांची एक खूण पाठवतं, तिला हॅश म्हणतात. खूण ओळखीची असली तर काम एका फेरीत होतं. नसली तर सर्व्हर म्हणतो, 'पर्सिस्टेड क्वेरी नॉट फाउंड'. मग अ‍ॅप खुणेसोबत पूर्ण मजकूर पुन्हा धाडतं, सर्व्हर तो लक्षात ठेवतो आणि पुढच्या माणसाचं काम झटपट!

ऐकायला मस्त. पण मी सांभाळत होतो त्या सेल्स अ‍ॅपमध्ये याच सोयीपायी काही जणांचा पगार कापला जात होता. सेल्समनची हजेरी अ‍ॅपवरच लागायची, सातच्या आत. तालुक्याच्या गावांत फिरणारी मंडळी साडेसहालाच घराबाहेर पडायची, तरी लेटमार्क त्यांनाच. तीन लेटमार्क म्हणजे एक हाफ-डे गेला. ऑफिसात सगळ्यांचं मत ठरलेलं, 'गावाकडे रेंज नसते', नाहीतर 'बहाणे आहेत सगळे'. पण मग दहा वाजता त्याच गावात, त्याच फोनवर तेच अ‍ॅप पळायचं कसं?

आमचा डॅशबोर्ड तर हिरवागार. कारण अपोलो सर्व्हर 'नॉट फाउंड'ला बिघाड मानतच नाही, त्यालाही २०० हाच स्टेटस देतो. तेव्हा एरर मोजण्यात अर्थ नव्हता, उत्तरांच्या आतला मजकूर मोजावा लागला. मग एकच खूण लागोपाठ दहा वेळा पाठवून पाहिली. कधी बरोबर उत्तर, कधी 'नॉट फाउंड'! लोड बॅलन्सरच्या मागे आठ सर्व्हर होते आणि प्रत्येकाची आठवण आपापल्या मेमरीत. वर ते रोज रात्री रीस्टार्ट व्हायचे. म्हणजे दर सकाळी आठही वेटर नवे. त्यांना शिकवायचं काम सगळ्यात आधी उठणाऱ्याच्या गळ्यात आणि नेमकी त्याचीच रेंज एक कांडी. होम स्क्रीनच्या सहा क्वेऱ्या, प्रत्येकीच्या दोन फेऱ्या, शेवटी टाइमआउट. शहरातली मंडळी नऊला लॉगइन करेपर्यंत सर्व्हर शिकून तयार.

उपाय सोपा होता. आठही सर्व्हरना मिळून एकच वही दिली, रेडिसमध्ये. सर्व्हर रीस्टार्ट झाले तरी वही जागेवर. तक्रारी कमी झाल्या, पण संपल्या नाहीत. कारण अपोलोच्या डॉक्युमेंटेशनमध्ये होतं. सर्व्हरच्या स्वतःच्या मेमरीत खुणेला मुदत नसते, पण बाहेरच्या स्टोअरमध्ये ती आपोआप ३०० सेकंदांची होते. दुपारच्या गर्दीत हे कुणाला जाणवत नाही. भल्या सकाळी मात्र पाच-पाच मिनिटं कुणी फिरकत नाही, तोवर वहीचं पान कोरं. ती मुदत काढून टाकली आणि प्रश्न मिटला.

मग लेटमार्कच्या वेळा आणि 'नॉट फाउंड'च्या वेळा शेजारी-शेजारी मांडून एचआरला दाखवल्या. कापलेले हाफ-डे परत मिळाले. तुम्ही कोड लिहीत असा वा नसा, 'आमच्याकडे तर व्यवस्थित चालतंय' असं म्हणण्याआधी एकदा बघा, तुम्ही ऑफिसात किती वाजता येता ते!