ज्याची त्याची वाटी

बाकोलोदच्या कोंबडीची सगळी गंमत आंबटात आहे. माडाच्या सुरेचं व्हिनेगर, कालामान्सी नावाचं सुपारीएवढं लिंबू, गवती चहाच्या ठेचलेल्या काड्या, आलं, लसूण, मिरी. यात मुरलेले तुकडे बांबूच्या काडीला टोचून निखाऱ्यावर धरतात आणि शेंद्रीच्या बियांनी केशरी झालेलं तेल वरून पुन्हा पुन्हा फिरवतात. हे इनासाल. फिलिपिन्सच्या निग्रोस बेटावरच्या या शहरात इनासालची खानावळ कुणाला विचारावी लागत नाही, धुराच्या मागे गेलं की झालं.

आमची लेक समोरच्या बेटावर, इलोइलोला डॉक्टरकी शिकते. तिच्या मैत्रिणीचे वडील बोटीवर नोकरीला. ते सुट्टीवर आले होते, म्हणून रविवारी चर्चहून सगळं घर थेट जेवायलाच जमणार होतं, आणि आम्हालाही बोलावणं आलं. आम्ही सकाळच्या बोटीने सामुद्रधुनी ओलांडून गेलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन टेबलं जोडून केलेलं एक लांब टेबल, दाराशी हात धुवायचं बेसिन. लेक आधी मैत्रिणीच्या आजीजवळ गेली, ‘लोला’ म्हणत तिचा हात हातात घेतला आणि त्याची मागची बाजू स्वतःच्या कपाळाला टेकवली. इथे मोठ्यांचा आशीर्वाद असा घेतात. परक्या गावात आपल्या मुलीला वाकायला एक थोरलं माणूस मिळालंय, हे पाहून मला फार बरं वाटलं.

“बाबा, चमचा ठेवा. हातानेच जेवा, इथे सगळे तसंच जेवतात,” तिने यांना सांगितलं.

कोंबडी येण्याआधी प्रत्येकापुढे एकेक रिकामी वाटी आली. टेबलाच्या मधोमध सोया सॉस, कापलेल्या कालामान्सी आणि सिनामाकची बाटली. व्हिनेगरमध्ये तिखटजाळ बारक्या मिरच्या, लसूण, आलं बुडवून मुरवत ठेवतात, ते सिनामाक. लोलाने वाटीत थोडं सिनामाक ओतलं, सोया सॉसचे मोजके थेंब टाकले, एक मिरची काट्याच्या पाठीने बशीवर चिरडून आत ढकलली. मग कालामान्सी पिळली. बाहेरून हिरवीगार, आत नारिंगी. बिया बोटांतच अडवून तिने फक्त रस पडू दिला. जीभ लावून पाहिली आणि आणखी अर्धी पिळली. शेजारी नातवाच्या वाटीत नुसता सोया सॉस. मैत्रिणीच्या वडिलांच्या वाटीत मिरच्याच मिरच्या. एकाच कोंबडीला त्या टेबलावर जितकी माणसं तितक्या चवी होत्या, आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

डोरीन फर्नांडिस या फिलिपिनो लेखिकेने या वाट्यांविषयी फार जिव्हाळ्याने लिहिलं आहे. रांधणारा आणि जेवणारा मिळून पदार्थ पुरा करतात, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. आपल्या ताटातही डाव्या बाजूला मीठ, लिंबू, चटणी असते. पण मिठाकडे कुणाचा हात गेला की करणारीचा जीव खालीवर होतो. माझा तर होतोच. इथे रांधणाऱ्याने मुद्दामच जागा सोडलेली असते, आणि मला हा मोठ्या मनाचा स्वयंपाक वाटतो.

भात मात्र सगळ्यांना सारखा. पोऱ्या भाताचं भांडं घेऊन टेबलामागून टेबल फिरतो, आणि हात वर केला की डाव पानात रिकामा होतो, हवा तेवढा, त्याच पैशांत. त्यावर तेच केशरी तेल ओतून घ्यायचं. 2017 साली सिंथिया व्हिलार या सिनेटरांनी अशा अमर्याद भाताला आरोग्याच्या कारणाने बंदी घालावी असं सुचवलं, तेव्हा देशभर इतका गलका झाला की त्यांना माघार घ्यावी लागली. निग्रोसमध्ये बसून त्या गलक्याचा अर्थ कळतो. हे उसाचं बेट. मोठमोठ्या मळ्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यांकडे स्वतःची भाताची खाचरं नव्हती. 1980 च्या दशकाच्या मध्यावर साखरेचे भाव कोसळले, मळेवाल्यांनी लागवड थांबवली, मजुरी बंद झाली आणि इथली मुलं भुकेने खंगली. सुपीक जमिनीवर, चहूकडे ऊस असताना! ते दिवस पाहिलेली माणसं आज आजी-आजोबा आहेत. लोला नातवाच्या पानातला भात संपू देत नव्हती. पोऱ्या दिसला की स्वतःसाठी नव्हे, त्याच्यासाठी हात वर करायची.

मैत्रिणीचे वडील मुंबईजवळच्या न्हावा-शेव्याला बोट घेऊन गेलेले. पण बंदराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायला कधी मिळालं नाही, म्हणाले. तुमच्याकडे आंबटाला काय घालता, त्यांनी विचारलं. गोव्यात माडाच्या सुरेचंच व्हिनेगर करतात हे ऐकून ते खूश झाले. मग मी चिंच सांगितली, ती त्यांच्या सिनिगांग या आंबट रशात पडतेच. कोकम सांगितलं, तिथे सगळे थांबले. फोनवर आमसुलांचं चित्र दाखवलं. लोलाने चष्मा वर सरकवून ते निरखलं आणि नातीकरवी विचारलं, “हे माशात घालतात की कोंबडीत? आणि मिरची आधी की नंतर?”