सहल कॉलेजच्या फाटकापर्यंत

दरवर्षी अशोक विजयादशमीला नागपुरात लाखो बांधव येतात. कोणी रेल्वेने, कोणी ट्रकने, कोणी पायी. स्तूपासमोर नतमस्तक होतात, पुस्तके घेतात, घरात लावायला तसबीर घेतात, झाडाखाली शिदोरी सोडतात आणि परतीला लागतात. १४ ऑक्टोबर १९५६ ची ही भूमी आपल्या घराघराला ठाऊक आहे. त्याच परिसरात १९६४ सालापासून डॉ. आंबेडकर महाविद्यालय उभे आहे. तेथे कला, वाणिज्य, विज्ञान आणि विधी या शाखा आहेत. आमच्या वस्तीतील बहुतेक कुटुंबे वर्षातून एकदा तरी दीक्षाभूमीवर जातात. परंतु या महाविद्यालयाच्या फाटकातून आत गेलेली माणसे आम्ही एकदा मोजू लागलो, तर दोन हातांच्या बोटांतच मोजणी संपली.

म्हणून गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी आम्ही नववी-दहावीच्या १९ मुलामुलींना घेऊन निघालो. सोबत दोन माता आणि एक पिता होते. तिकिटाचा खर्च मंडळाच्या पेटीतून केला. आमच्याच भागातील, पण निरनिराळ्या कॉलेजांत शिकणारे पाच विद्यार्थी दीक्षाभूमीवर भेटणार होते. त्यांना आम्ही आधीच एक प्रश्न देऊन ठेवला होता : तुम्ही दहावीत होता, तेव्हा कोणीतरी सांगायला हवे होते आणि सांगितले नाही, असे काय होते?

कामठी रोडवरून

इंदोरा चौकाच्या स्थानकावर आम्ही मेट्रोत बसलो. कामठी रोडवरचा हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. मुलांना खिडकीपाशी जागा हवी होती, ती त्यांनी आपसांत भांडून मिळविली. आम्ही त्यांना खालचा रस्ता दाखविला आणि जाईबाई चौधरींची हकीकत सांगितली. उमरेडकडच्या या बाई नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहत असत. एका मिशनरी बाईंमुळे त्यांच्या शिक्षणाला वाट मिळाली, आणि पुढे १९२० च्या दशकात त्यांनी नागपुरात आपल्या मुलींसाठी चोखामेळा कन्या पाठशाळा काढली. ज्या वाटेवर त्या ओझी घेऊन चालल्या, त्याच वाटेवरून आज आपल्या मुली दप्तर घेऊन जातात, हे मुलींना सांगायला हवे. आम्ही सांगितले तेव्हा सारा डबा क्षणभर शांत झाला.

गड्डीगोदामला एक मौज आहे. तेथे सर्वांत खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो, अशी चार मजली वाहतूक चालते. पोरे माना वाकडी करून पाहत राहिली. पुढे कस्तुरचंद पार्क आणि झिरो माईल. या सिव्हिल लाइन्स-सीताबर्डीच्या भागात नागपूरची जुनी विद्यामंदिरे आहेत. हिस्लॉप कॉलेज १८८३ चे. मॉरिस कॉलेज १८८५ चे, ज्याला आता वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था म्हणतात. विज्ञान संस्था १९०६ ची. आणि १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ, ज्याला २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे.

ही नावे ऐकून आठव्या इयत्तेपासून पहिला नंबर सोडला नाही अशा एका मुलीने विचारले, "काका, इथं आपल्याला घेतात का?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांस तो लागला. इंदोऱ्याहून झिरो माईलला यायला मोजकी मिनिटे लागली होती. तेवढे अंतर त्या मुलीच्या मनात केवढे मोठे होते!

सीताबर्डीला गाडी थांबली तेव्हा वसंत मून यांची आठवण निघाली. बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड संपादित करणारे हे मून याच सीताबर्डीच्या महारपुऱ्यात वाढले. त्या वस्तीचे चित्र त्यांनी 'वस्ती' या आत्मकथनात काढले आहे. ज्या घरी दहावीचे मूल आहे, त्या घरी हे पुस्तक असावे. गरिबीत अभ्यास कसा होतो, हे त्यातून मुलांना आपल्याच गावच्या माणसाकडून कळते.

रहाटे कॉलनीला उतरून आम्ही पायी दीक्षाभूमीवर पोहोचलो. स्तूपात वंदना झाली. नंतर झाडाखाली सतरंजी अंथरली, चिवड्याचे डबे उघडले आणि पाच विद्यार्थी मुलांसमोर बसले.

पाच जणांनी काय सांगितले

पहिली बोलली ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. ती मराठी शाळेतून आलेली. "अकरावीला गेली तर सर बोर्डवर लिहीत होते ते मला येत होतं, पण ते येतं हेच मला समजत नव्हतं," ती म्हणाली. प्रकाशसंश्लेषण तिला तोंडपाठ होते, पण फोटोसिंथेसिस म्हणजे तेच, हे समजायला वेळ गेला. वर्गमूळ येत होते, स्क्वेअर रूट म्हटले की हात थांबायचा. सहा महिने ती वर्गात एक शब्द बोलली नाही. तिचा सल्ला असा : नववीपासून एक वही करा. डावीकडे विज्ञान-गणिताचा मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. रोज पाच शब्द. वर्षभरात हजाराच्या वर होतात. मराठीतून शिकल्याची लाज मुळीच बाळगू नका, विषय मराठीतूनच पक्का होतो. फक्त त्याचे दुसरे नावही माहीत करून घ्या.

दुसरा मुलगा बी.कॉम.चा. वडील ऑटो चालवितात. मित्राने कॉमर्स घेतले म्हणून यानेही घेतले. विषय त्याला आवडला, तो त्याचा नशिबाचा भाग. परंतु कोणते दार कोणत्या दाराकडे जाते, हे त्याला बारावीनंतर कळले. त्याने मुलांना जमिनीवर काडीने रेघा ओढून दाखविल्या. सायन्स घेतलेला पुढे कला-वाणिज्याकडे वळू शकतो. कला-वाणिज्यातून सायन्सच्या पदवीकडे जाणे होत नाही. इंजिनिअरिंगला गणित लागते, डॉक्टरकीला जीवशास्त्र आणि नीटची परीक्षा. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसता येते. बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. आयटीआय आहे. "आवडत नसेल तर सायन्स घेऊ नका," तो म्हणाला, "पण सोडायचं असेल तर माहिती असून सोडा."

तिसरा इंजिनिअरिंगचा. त्याने अभ्यासाविषयी अक्षर काढले नाही. तो फक्त कागदांविषयी बोलला. त्याला सीईटीत गुण चांगले मिळाले, पण जात वैधता प्रमाणपत्र नव्हते. आजोबांच्या शाळेचा दाखला काढायला तो तीन वेळा खेड्यावर गेला. तिकडे दाखल-खारीज रजिस्टर कोणत्या कपाटात आहे, हेच कोणाला आठवत नव्हते. जागा हातची जाता जाता राहिली. "माझं वय अठरा होतं आणि मी आजोबाचं वय शोधत फिरत होतो," असे तो म्हणाला, तेव्हा मुले हसली. मोठी माणसे हसली नाहीत.

चौथी मुलगी बी.ए.ला आहे. तिच्या भावाला शिकवणी लावली होती, तिला नव्हती. घरची धुणीभांडी आटोपून रात्री दहानंतर ती वही उघडायची. "मी तेव्हाच आईजवळ बोलायला पाहिजे होतं," ती म्हणाली. "आई नाही म्हणाली नसती. मीच विचारलं नाही. संध्याकाळचे दोन तास माझे, एवढंच मागायचं होतं." १९४२ च्या जुलैत याच नागपुरात मोहन पार्कवर महिला परिषद भरली होती. हजारो आयाबहिणींपुढे बाबासाहेबांनी मुलांना शिकविण्याचा आणि लग्नाची घाई न करण्याचा उपदेश केला होता. त्याला ८० वर्षे उलटून गेली. आमच्या सोबत आलेल्या दोन्ही माता खाली मान घालून ऐकत होत्या. त्यांपैकी एकीने परत जाताना मुलीच्या हातातील पाण्याची कॅन स्वतःकडे घेतली.

पाचवा कायद्याचा विद्यार्थी. त्याला विचारले तर तो म्हणाला, "मी त्या पोराला काहीच सांगणार नाही. तो ऐकणाराच नव्हता. मी त्याचा हात धरून अभ्यासिकेत नेऊन बसवीन आणि म्हणेन, जे समजत नाही ते विचार. विचारण्यात कमीपणा नाही." त्याच्या घरात आठवीच्या पुढे कोणी गेलेले नव्हते. काय विचारावे आणि कोणाला विचारावे, हेच त्याला ठाऊक नव्हते.

पैशाचा प्रश्न

सोबत आलेले वडील रंगकाम करतात. ते इतका वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी विचारले, "हे सर्व खरं आहे जी. पण पैसा किती लागते?"

हा प्रश्न टाळून शिक्षणाच्या गोष्टी करण्यात अर्थ नाही. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, आणि धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या यादीत स्थान १९९० च्या कायद्याने मिळाले. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर ही शिष्यवृत्ती मिळते. अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो आणि तो दरवर्षी पुन्हा भरावा लागतो. एकदा भरला म्हणजे झाले, असे नाही. खेड्यातून नागपुरात शिकायला आलेल्या आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. तीत नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. मात्र पाचही विद्यार्थ्यांचे एका गोष्टीवर एकमत होते : पैसे मिळतात, पण उशिरा मिळतात. म्हणून पहिल्या चार-सहा महिन्यांच्या पुस्तकांची आणि जाण्यायेण्याची सोय दहावीपासूनच थोडी थोडी बाजूला ठेवावी. एखाद्या बारशाचा किंवा वाढदिवसाचा मंडप कमी घातला तरी ती होते.

कारकुनाच्या दोन गोष्टी

आमचा जन्म फायलींत गेला, तेव्हा कागदांबद्दल दोन शब्द आमच्याकडून. पहिली गोष्ट नावाची. शाळेचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक या तिन्ही ठिकाणी मुलाचे, बापाचे आणि आडनावाचे अक्षर एकसारखे आहे की नाही, ते नववीतच पाहावे. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत चूक दुरुस्त होऊ शकते. शाळा सुटल्यावर तीच दुरुस्ती फार जड जाते.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख लक्षात ठेवावी. त्या तारखेच्या आधी आपले कुटुंब महाराष्ट्रात होते आणि आजोबा-पणजोबांची जात काय लिहिली होती, याचा पुरावा लागतो. आपल्या घरांत बापाच्या दाखल्यावर बौद्ध आणि आजोबांच्या दाखल्यावर महार असे असते, म्हणून पिढी ते पिढी साखळी जुळवावी लागते. आजोबा शाळेत गेले नसतील तर त्यांच्या भावाचा दाखला, जमिनीचा उतारा किंवा गावचे जुने रेकॉर्ड शोधावे. हे काम निकालानंतरच्या पंधरा दिवसांत होत नाही. दहावीच्या दिवाळीत गावी जालच, तेव्हा शाळेत आणि तलाठ्याकडे एक चक्कर मारावी.

एक वर्ष उशिरा

परतताना आम्ही पाचही जणांचे बोलणे मनात जुळवून पाहिले. "अजून अभ्यास केला असता तर" असे त्यांच्यापैकी एकानेही म्हटले नव्हते. सर्वांचे म्हणणे एकच होते, की माहिती मिळाली, पण एक वर्ष उशिरा मिळाली. शिकल्यासवरलेल्या घरात ही माहिती मुलाच्या कानावर जेवताना पडते. मामा सांगतो, काकू सांगते, शेजारचा प्राध्यापक सांगतो. आपल्या मुलाला ती खिडकीवरचा बाबू सांगतो, तीही तारीख निघून गेल्यावर.

स्वतः बाबासाहेबांनाही सांगणारे कोणी भेटले होते. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा याच गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बाबासाहेबांची बुद्धी अलौकिक होती, हे खरेच. पण सयाजीरावांच्या दारापर्यंत त्यांना नेणारा माणूसही लागला. आमच्या वस्तीतील पोरांना असा माणूस कोण?

तो माणूस दूरचा कोणी असण्याची गरज नाही. विहारात आता महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर एक टेबल मांडतो. त्यावर कॉलेजातील दोन विद्यार्थी बसतात. दहावीच्या प्रत्येक मुलाची एक फाईल उघडली आहे. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आणि अर्जात दहापर्यंत कॉलेजे निवडता येतात; ती निवडताना घाई होऊ नये म्हणून आतापासूनच यादी करायला सांगतो. त्या सहलीतील १९ पैकी सात जणांच्या फाईलमध्ये आजोबांचा कागद आला आहे. बाकीच्यांचा शोध चालू आहे. रंगकाम करणारे ते गृहस्थ मुलीला घेऊन उमरेड तालुक्यातील आपल्या गावी दोनदा जाऊन आले.

वाचक बंधुभगिनींनो, तुमच्या घरात कॉलेजला जाणारे मूल असेल, तर त्याला एवढेच सांगा. येत्या शनिवारी कॉलेजला जाताना गल्लीतील दहावीच्या एका पोराला किंवा पोरीला सोबत ने. ग्रंथालय दाखव, सूचनाफलक वाचायला लाव, कॅन्टीनमध्ये एक चहा पाज आणि तू काय उशिरा शिकलास, ते त्याला आजच सांग.