भीती का लागत नाही?

सहावीतल्या एका मुलाने निबंधात लिहिलं, ‘मला अंधाराची भीती लागते.’ मी लाल पेनाने ‘लागते’ खोडून वर ‘वाटते’ लिहिलं. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. ‘मॅडम, भूक लागते ना? मग भीती का नाही लागत?’

त्याचे आईवडील बिहारचे. वडील शेंद्र्याच्या एमआयडीसीत कामाला. २००१ मध्ये इथे स्कोडाचा कारखाना सुरू झाला, पुढे ऑरिक ही औद्योगिक नगरीही आली, आणि जालना रोडलगतच्या भाड्याच्या खोल्यांतून नाना भाषांची पोरं शाळेत येऊ लागली. ‘डर लगता है’ हे त्याच्या घरातलं वाक्य. चूक कुठून आली ते कळलं. उत्तर मात्र ‘असंच म्हणतात’ यापुढे सरकेना.

म्हणून जुन्या लॅपटॉपवर अँटकाँक घेतलं. जपानच्या वासेदा विद्यापीठातले प्राध्यापक लॉरेन्स अँथनी यांनी केलेलं, मजकुरातले शब्द मोजून-शोधून देणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यात पाठ्यपुस्तकातले धडे भरले आणि मुलांचे निबंधही, नावं काढून. पहिली शब्दयादी आली ती नुसती चिंधड्यांची! काना-वेलांट्यांना ते अक्षरात धरत नव्हतं. सेटिंगमध्ये ‘मार्क’वर खूण केली तेव्हा कुठे शब्द सांधले. तरी यादीच्या डोक्यावर ‘आणि’, ‘आहे’, ‘मी’. त्यात शिकवायचं काय?

पुढची अडचण मात्र कामाची निघाली. ‘पाणी’ शोधलं की ‘पाण्यात’, ‘पाण्याला’ सापडत नाही. सामान्यरूप त्याच्या गावीच नाही. आणि माझ्या वर्गातली हिंदी घरातली पोरं लिहितात ‘पाणीत’! यंत्र आणि पोरं एकाच दगडाला ठेचकाळतात. मग ‘पाण’ लिहून पुढे ताऱ्याची खूण (*) दिली, तर पाण्याबरोबर पाणवठा आला, पाणंदही आली. ‘म्हणजे आमची पांदण,’ शेतकऱ्यांची पोरं ओरडली. त्या तासाला खोल्यांतल्या पोरांना त्यांनीच शिकवलं.

‘लागणे’ आणि ‘वाटणे’साठी मी प्रत्येक रूप वेगळं शोधलं आणि सापडलेल्या ओळी छापल्या: शोधलेला शब्द मधोमध, दोन्ही बाजूंना त्याचा शेजार. बर्मिंगहॅम विद्यापीठात शिकवणारे टिम जॉन्स १९९० च्या आसपास अशाच ओळी विद्यार्थ्यांपुढे ठेवून नियम त्यांनाच शोधायला लावत. आम्ही ओळी कात्रीने कापल्या. एका ढिगात भूक, तहान, झोप, धाप, ठेच लागली. शिवाय नोकरी लागली आणि ‘पप्पांना नाईट लागली’. दुसऱ्यात भीती, लाज, आनंद, एकटं वाटलं.

बराच वेळ पट्ट्या हलवून तो मुलगा म्हणाला, ‘अंगाला होतं ते लागतं, मनाला होतं ते वाटतं.’ नोकरी कुठे अंगाला होते, असं मी विचारणार होते. तेवढ्यात एका मुलीने हातातली पट्टी वाचली: ‘पप्पा नाईटवरून येईपर्यंत मम्मीला काळजी लागते.’ धड्यातल्या ओळीत ‘काळजी वाटते’ होतं. सवयीने माझा हात लाल पेनाकडे गेला. पण काळजी लागूनही राहते, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय.

‘मॅडम, ही कुठं ठेवू?’

मी काही बोलायच्या आत त्या मुलाने ती पट्टी घेतली आणि दोन्ही ढिगांच्या मधे, फरशीवर आडवी ठेवली.