झुकवलेलं घर

मुकुंदवाडीहून जालना रोडने चिकलठाणा एमआयडीसीकडे निघालं की कडेला मालाच्या गाड्या लागतात. कुणी जालन्याहून सळ्या भरून आलेला, कुणी कारखान्याचं गेट उघडायची वाट बघणारा. आरशाच्या दांडीला बनियन वाळत असतं, पायरीवर चपला काढलेल्या असतात.

परदेशात व्हॅनमध्ये संसार थाटणं ही हौस. आपल्याकडे हे पोटासाठी होतं, आणि त्याला कुणी नावही दिलेलं नाही. ड्रायव्हर-क्लीनर महिना महिना केबिनमध्येच राहतात. गाडी बिघडली की बिऱ्हाडासकट गॅरेजात.

आजकालच्या बहुतेक ट्रकांचं इंजिन केबिनच्या खाली असतं. फॅनबेल्ट तुटो की डिझेलची नळी गळो, मिस्त्रीला हात घालायचा तर आख्खी केबिन पुढे झुकवावी लागते. म्हणजे आधी घर आवरा! स्टोव्ह, पाण्याचा कॅन, पिठाचा डबा, गाडीचे कागद ठेवलेली पिशवी, सगळं खाली. घाईत एखादी तेलाची बाटली मागे राहते, आणि केबिन कलली की काचेवरून तेलाचा ओघळ येतो. डॅशबोर्डावरचे देव तेवढे चिकटवलेले, ते हलत नाहीत. ‘उस्ताद, रातीपर्यंत होईल का?’ असं ड्रायव्हर विचारतो तेव्हा त्याला गाडीपेक्षा पाठ टेकायची काळजी असते. झालं नाही, तर सतरंजी गाडीखाली पडते.

जुन्या गाड्यांत निराळीच तऱ्हा. इंजिन ड्रायव्हरच्या शेजारी, वर पत्र्याचं झाकण. ते उघडलं की दुरुस्ती घरात बसूनच. थंडीत त्या झाकणाची ऊब बरी वाटे, मे महिन्यात मात्र भट्टी. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. पण इंजिन उघडून ठेवलेल्या गाडीत एसी चालायचा कसा?

म्हणून जाणता ड्रायव्हर बिघाडाची वाट बघत नाही. सकाळी उठल्यावर तो हवेच्या टाकीखालचा कॉक उघडतो. रात्रभरात साचलेलं पाणी फुसकन बाहेर पडतं. ते ब्रेकच्या नळ्यांत शिरलं तर पंचाईत. मग टॉमी घेऊन टायर ठोकत फेरी. मागच्या जोडचाकांतलं आतलं टायर डोळ्याला नीट दिसत नाही, त्याची हवा कानानेच कळते.

2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांपुढे मात्र हा कान फारसा चालत नाही. युरियाची टाकी रिकामी झाली किंवा सेन्सर बिघडला, तर दिवा लागतो आणि गाडीचा दम जातो. मग पान्याआधी स्कॅनर लागतो, आणि रस्त्याकडेच्या मिस्त्रीकडे तो असेलच असं नाही. कंपनीचा माणूस येईपर्यंत मुक्काम तिथेच. फेरीवर पैसे मिळणाऱ्याचा तो दिवस फुकट जातो.

आरटीओत गाडी पासिंगला जाते, पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, पुढे दरवर्षी. ब्रेक, दिवे, वायपर तपासले जातात. झोपायच्या फळीखाली खिळा वर आलाय का, हे कोण बघणार? मालकही क्लचचे पैसे मुकाट्याने देतो, कारण त्यावाचून चाक हलत नाही. छतातून गळणारं पाणी, फाटलेली गादी, बंद पडलेला छोटा पंखा यांची वेळ सहसा येत नाही. मग ड्रायव्हरच शेजारच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून दोन वायरी ओढून पंखा बसवून घेतो आणि पैसे स्वतःच्या भत्त्यातून देतो.